दोन बोटांची खूण

एल्मफर्ड, मॅसॅच्युसेट्स
२९ जून १८८४

प्रिय थर्झाताई,

तुझे पत्र आणि सुक्या सफरचंदांची पिशवी, दोन्ही मिळाले. भावजींनी पिशवी स्वतःच्या उशाशी ठेवली आहे. मागितले की दोन फोडी तळहातावर ठेवतात, जणू मी त्यांचा घोडा आहे.

एक बातमी आधी सांगतो, म्हणजे ती तुला वर्तमानपत्रातून कळायला नको. बुधवारी पॉटरचा घोटा मोडला. पॉटर म्हणजे आमच्या बेसबॉल संघाचा दुसरा पिचर, चेंडू टाकणारा. आजवर एक दिवस भावजी चेंडू टाकत, एक दिवस पॉटर. ज्याची पाळी नसे तो मैदानाच्या उजव्या कोपऱ्यात उभा राही, म्हणजे पहिला थकला तर दोघांना जागा बदलता येत. खेळ सुरू झाल्यावर बाकावरचा माणूस आत आणता येत नाही. कोणी जखमी झाला आणि समोरच्या कप्तानाला ते पटले, तरच आणता येतो. आता उजव्या कोपऱ्यात एक सुतार उभा असतो. त्याला दगड मारून कुंपणावरचे मांजरसुद्धा हाकलता येणार नाही. पॉटरच्या जागी या मोसमात कोणाला घेणार नाहीत. म्हणजे येथून पुढे रोज भावजीच, आणि रोज पहिल्या डावापासून शेवटच्या डावापर्यंत.

कॅप्टन लाफर्टींनी सगळ्यांसमोर विचारले, "हॅस्केल, झेपेल ना?"

भावजी म्हणाले, "खाणीत दहा-दहा तास घण मारत होतो तेव्हा कोणी विचारलं नाही. इथे दोन तास चेंडू टाकायचा, तर सगळेच वैद्य झालेत!"

सगळे हसले. मीही हसलो.

पण ताई, मी त्यांचा कॅचर आहे. त्यांनी टाकलेला चेंडू फलंदाजाला चुकला की माझ्या तळहातात येतो, आणि माझ्या हातात बोटे कापलेल्या पातळ कातडी मोज्यांखेरीज काही नसते. मे महिन्यात त्यांचा वेगाचा चेंडू झेलला की कोपरापर्यंत झिणझिण्या येत. रोज संध्याकाळी मिठाच्या पाण्यात हात बुडवून बसावे लागे. गेले चार दिवस बुडवावे लागलेले नाहीत. फलंदाजांना अजून फरक कळलेला नाही, कॅप्टनलाही नाही. मला कळला, कारण दुखायचे थांबले आहे.

त्यांना विचारले तर म्हणतात, "मेव्हण्या, मी टाकतो, तू झेल. उलटं करायचं असेल तर सांग."

हा हात गेला तर पुन्हा खाण, आणि खाणीलाही तोच हात लागतो. मी हे तुला लिहिले आहे असे त्यांना कळवू नकोस.

तुझा,
एझ्रा

*

स्टीपल हिल, व्हरमाँट
५ जुलै

एझ्रा,

तुझं पत्र वाचल्यापासून दोनदा भाकरी करपली. ओरिनचं पत्रही त्याच टपालाने आलं. त्यात काय, तर "हात लोखंडासारखा आहे, बायको, तू आपली कोंबड्या सांभाळ." त्याचं लोखंड मला ठाऊक आहे. लग्नाच्या आदल्या दिवशी पायावर दगड पडला होता, तर हा माणूस चर्चमध्ये मोडक्या अंगठ्यावर नाचला.

मी काल हाडवैद्य पीबडींकडे जाऊन आले. ओरिनचं नाव नाही घेतलं, पण म्हाताऱ्याने ओळखलंच. म्हणाले, "पोरी, हात जातो तो वेगाने. खांद्यातून जोर काढून माणूस रोज फेकायला लागला तर खांदा उखळीसारखा झिजतो. वळणारा चेंडू टाकू दे. तो मनगटाचा खेळ. त्यात हाताला विसावा असतो."

आता ऐक. कोणता चेंडू टाकायचा याची खूण तूच करतोस ना? मागे तूच सांगितलं होतंस. एक बोट म्हणजे वेगाचा, दोन बोटं म्हणजे वळणारा. मग तू दोन दाखव. जमेल तितक्या वेळा दोनच. तो वाद घालणार नाही. खेळाच्या बाबतीत तो तुझं ऐकतो, माझं ऐकत नाही.

आणि हे मी सांगितलंय असं त्याला कधीही कळता कामा नये. बायकोने घरात बसून आपले चेंडू ठरवले हे कळलं तर तो जेवण सोडेल. शपथ घे.

थर्झा

*

एल्मफर्ड
१४ जुलै

प्रिय ताई,

शपथ घेतली, आणि तू सांगितलेस तसे केले. तुझे पत्र मंगळवारी सकाळी मिळाले, आणि त्याच दिवशी दुपारच्या सामन्यापासून सुरुवात केली. पहिल्या डावात दहापैकी सात वेळा दोन बोटे दाखवली. भावजींनी कमरेवर हात ठेवून माझ्याकडे क्षणभर पाहिले, मग टाकला. चेंडू फलंदाजाच्या बॅटीपाशी येऊन असा वाकला की तो बिचारा स्वतःभोवती फिरून खाली बसला. कोणीतरी ओरडले, "अरे, त्याला खुर्ची द्या!"

पीबडी म्हणतात ते खरे असावे. मलाही नेहमी तसेच वाटत आले आहे. वेगाचा चेंडू टाकताना भावजींचे सगळे अंग ओढले जाते. वळणारा टाकताना मनगटाला किल्ली फिरवल्यासारखा एक पीळ देतात, एवढेच. सहा सामन्यांपैकी पाच जिंकलो. सगळेच्या सगळे भावजींनी एकट्याने पूर्ण केले.

एक किरकोळ गोष्ट. त्या मंगळवारी सकाळच्या सरावात माझ्या अंगठ्याची साल निघाली होती. मी चिंधी बांधली होती, दुसऱ्या दिवशी सोडूनही टाकली. सामन्यानंतर भावजींनी विचारले, "हात कसे आहेत रे तुझे?" मी म्हटले, "ठीक." ते म्हणाले, "ठीक म्हणजे कसे?" मी म्हटले, "ठीक म्हणजे ठीक." तुझ्या पत्राचा विषय निघेल या भीतीने मी तेथून उठलो.

तुझा,
एझ्रा

*

स्टीपल हिल
२२ जुलै

एझ्रा,

देव तुझं भलं करो! रविवारी चर्चमध्ये सगळे ओरिनचंच बोलत होते. खाणीचा मुकादम, जो त्याला "चेंडूवाला नवाब" म्हणायचा, तो स्वतः येऊन मला म्हणाला, "हॅस्केलबाई, तुमच्या नवऱ्याने आम्हाला वर्तमानपत्र वाचायला लावलं." मी म्हटलं, "वाचता येतं का तुम्हाला?" आजूबाजूचे हसले. तू असायला हवा होतास.

ओरिनचं पत्र आलं, पण अवघ्या चार ओळींचं, आणि अक्षर केवढं मोठं, एकीकडे कललेलं! आगगाडीत बसून लिहिलं असेल. त्याला सांग, पत्र खोलीत बसून लिहावं.

दोन बोटं चालूच ठेव.

थर्झा

*

एल्मफर्ड
१२ ऑगस्ट

प्रिय ताई,

उत्तराला उशीर झाला. आम्ही अकरा दिवस बाहेरगावी होतो, आणि अकरा दिवसांत नऊ सामने झाले. नऊही भावजींनी पहिल्यापासून शेवटपर्यंत टाकले.

मी तुला सगळे लिहीन असे ठरवले आहे, म्हणून हेही लिहितो. भावजी आता केस डाव्या हाताने विंचरतात. काटाही डाव्या हातात धरतात. खाणावळीच्या मालकीणबाईंनी विचारले तर म्हणाले, "उजवा हात सरकारी नोकर आहे बाई, घरकामाला येत नाही." मला वाटते, ते हाताला मुद्दाम विश्रांती देत आहेत. तसे असेल तर चांगलेच. पण झोपेत ते कोपर उराशी घेऊन वळतात, आणि काल सकाळी मी सदऱ्याची गुंडी लावून द्यायला पुढे झालो तर त्यांनी मला इतक्या जोराने दूर ढकलले की मी पलंगावर पडलो. नंतर हसले. "माझं लग्न तुझ्या बहिणीशी झालंय," म्हणाले.

मला शंका आली, म्हणून शनिवारी एक प्रयोग केला. चौथ्या डावात एक बोट दाखवले. त्यांनी मान हलवली. मी पुन्हा एक दाखवले. त्यांनी पुन्हा मान हलवली, आणि आपणहून वळणाराच टाकला. पुढच्या डावातही तेच. म्हणजे त्यांनाही वळणारा सोपा जात असावा. नाहीतर वेगाचा टाकायची संधी त्यांनी का सोडली असती?

माझे हात या मोसमाइतके चांगले कधीच नव्हते. इतर कॅचरांची बोटे पाहिली की मला लाज वाटते.

तू पीबडींना पुन्हा एकदा विचारशील का? कोपराबद्दल विचार. खांद्याबद्दल नको, कोपराबद्दल.

तुझा,
एझ्रा

*

एल्मफर्ड
७ सप्टेंबर

ताई,

हे पत्र मी तीनदा लिहून फाडले. आता जसे घडले तसे लिहितो.

काल नऊ डावांत बरोबरी झाली, म्हणून खेळ पुढे चालू राहिला. अकरा झाले. बारा झाले. तेराव्या डावात मी दोन बोटे दाखवली. भावजींनी हात मागे नेला, मनगट फिरवले, आणि चेंडू त्यांच्यापासून चार पावलांवर जमिनीत गेला. फळी मोडावी तसा आवाज झाला. मी तो फलंदाजामागून ऐकला.

मी धावत गेलो. त्यांचा चेहरा पिठासारखा झाला होता आणि हात कोपरात अर्धवट वाकलेलाच राहिला होता. मी म्हटले, "भावजी, सरळ करा." ते म्हणाले, "तू जागेवर जा आणि बोटं दाखव."

कॅप्टन लाफर्टी समोरच्या कप्तानाकडे गेले. आमचा माणूस जखमी आहे, बाकावरचा आत घेऊ द्या म्हणाले. तो येऊन भावजींभोवती एक फेरी मारून गेला, बाजारात बैल पाहतात तसा. "रक्त कुठंय? हाड कुठं बाहेर आलंय? हात तर आहे की जागेवर! हरायला लागलात की दुखणी आठवतात होय?" लोक ओरडत होते, "हॅस्केल, आजीला पाठव टाकायला!" पंचाने खांदे उडवले. नियमाप्रमाणे होकार समोरच्या कप्तानाचा लागतो, आणि तो त्याने दिला नाही. सुताराशी जागा बदलता आली असती, पण त्याच्याकडे चेंडू देण्यापेक्षा सामना सोडून दिलेला बरा, असे लाफर्टी म्हणाले. भावजींनी ते ऐकले. "सुरू मी केलाय, संपवतोही मीच," म्हणाले.

उरलेला तेरावा, चौदावा आणि पंधरावा डाव त्यांनी खालून हात हलवून चेंडू नुसता ढकलला. मी खुणा करायच्या थांबवल्या होत्या. पंधराव्यानंतर अंधार पडला आणि पंचाने खेळ थांबवला. बरोबरी. कोणीच जिंकले नाही.

येथील डॉक्टर म्हणाले, कोपरात आतून काहीतरी तुटले आहे, आणि ते एका दिवसात तुटलेले नाही, दोन महिने तुटत होते. मी विचारले, कशाने. ते म्हणाले, "त्या वळणाऱ्या चेंडूने. पीळ कोपराला बसतो. हा माणूस एवढे वळणारे का टाकत होता?"

तू पीबडींना पुन्हा विचारलेस की नाही, हे मला कळवू नकोस.

भावजी गुरुवारच्या गाडीने घरी येतील. मला मोसम संपेपर्यंत थांबावे लागेल.

एझ्रा

*

स्टीपल हिल
२८ सप्टेंबर

एझ्रा,

मी विचारलं नव्हतं. टोमॅटो बरण्यांत भरायचे होते, उद्या जाईन, परवा जाईन, असं करत राहिले. तू नको म्हणालास तरी लिहिते, कारण एवढं एकटीने धरून ठेवणं मला जमत नाही.

हात सरळ होत नाही. पीबडींनी रविवारी चर्चबाहेर ओढून पाहिला, तर ओरिनने त्यांना शिवी दिली. त्याने चर्चच्या दारात दिलेली पहिली शिवी. खाणीत दिव्यांत तेल भरायचं काम देतो म्हणालेत. डाव्या हाताने होण्यासारखं आहे.

पण मी लिहायला बसले ते वेगळ्याच गोष्टीसाठी. परवा जेवताना तो आपणहून बोलला. म्हणाला, "मला ठाऊक होतं, कोपर जळत होतं. पण पोराचे हात फुटले होते, थर्झा. मंगळवारी अंगठ्याला चिंधी बांधून आला आणि त्याच दिवशी वळणारे मागायला लागला. विचारलं तर 'ठीक'. ही कॅचरांची जात अशीच, बोट लोंबत असलं तरी ठीक. वेगाचा टाकला असता तर एका आठवड्यात त्याची बोटं गेली असती. मग कोण ठेवतो त्याला? परत बुटांच्या कारखान्यात टाके घालत बसला असता. तेही बोटांशिवाय. एकदा लाजेखातर वेगाचा मागितला त्याने, दोनदा मागितला. मी नाही टाकला."

आणि मग हसला, एझ्रा. घरी आल्यापासून पहिल्यांदा. "माझा हात गेला, पण पोराचे दोन्ही वाचवले," म्हणाला. "सौदा वाईट नाही."

आता मी काय करू? खरं सांगितलं तर त्याच्याकडे एवढंही राहत नाही.

तू ऑक्टोबरात येणार आहेस. त्याला सांगू नकोस. मी लोकरीचे हातमोजे विणून ठेवते, आल्याबरोबर घाल. थंडीचं निमित्त आहेच.

थर्झा

*

एल्मफर्ड
५ ऑक्टोबर

प्रिय ताई,

तुझे पत्र वाचले. माझे एकही बोट दुखावलेले नव्हते. अंगठ्याची साल गेली होती, ती दोन दिवसांत भरली. याखेरीज संपूर्ण मोसमात मला काहीही झाले नाही. हे मी एकदा तरी कोठेतरी खरे लिहून ठेवावे, म्हणून तुला लिहितो.

क्लबने पुढच्या वर्षासाठी मला ठेवले आहे. हात चांगले आहेत म्हणून.

अठराव्या तारखेला येईन. हातमोजे घालीन. तू सांगशील तसेच वागेन. मागच्या वेळीही तसाच वागलो होतो, आणि हे मी तुला दोष देण्यासाठी लिहिलेले नाही. खुणा मी केल्या होत्या.

एझ्रा

*

स्टीपल हिल
२ नोव्हेंबर

एझ्रा,

तू गेलास त्यानंतर दोन दिवस ओरिन काही बोलला नाही. जेवला, दिवे भरायला गेला, आला, झोपला. मला वाटलं, कोपर दुखतंय. तिसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. मी चुलीसमोर उभी राहून सगळं सांगून टाकलं. पीबडींचं, माझ्या पत्राचं, दोन बोटांचं. म्हटलं, मीच केलंय हे, एझ्राला मी शपथ घातली होती. आता मला घराबाहेर काढायचं तर काढ.

तो चुलीत लाकूड सारत होता. सारतच राहिला. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मग म्हणाला, "वेडी आहेस का तू? तुझ्या पत्राने खेळ चालतो? त्याची बोटं मोडली होती."

मी म्हटलं, नाही रे, त्याने स्वतः लिहिलंय की एकही नाही.

तर म्हणाला, "तो काय लिहिणार! रविवारी पंपावर पाणी भरताना त्याने मोजे काढले, तेव्हा मी त्याचा हात धरला. एकेक बोट दाबून पाहिलं, सांध्यासांध्याला. पंधरा वर्षं चेंडू टाकतोय मी, मोडलेलं बोट मला कळत नाही? तीन मोडलीत. वेडीवाकडी जुळलीत. तुझं पत्र आलं नसतं तरी त्याने वळणारेच मागितले असते. आता हे पुन्हा काढायचं नाही. जेवायला वाढ."

एझ्रा, मी इतकी रडले की त्याने डाव्या हाताने स्वतःच वाढून घेतलं. मग मलाही वाढलं. रात्री सप्टेंबरनंतर पहिल्यांदा मला झोप लागली.

पण तू असं का केलंस? तीन बोटं मोडलेली असताना मला "काहीही झालं नाही" लिहिलंस, आणि मी महिनाभर स्वतःला खात बसले! लहानपणी झाडावरून पडलास तरी "नाही लागलं" म्हणत लंगडत यायचास, तोच हा स्वभाव. आता तरी खरं लिही. मोडली होती ना? कोणती तीन?

थर्झा

*

एल्मफर्ड
८ नोव्हेंबर

प्रिय थर्झाताई,

होय, तीन. उजव्या हाताची अंगठ्याजवळची दोन आणि डाव्या हाताची करंगळी. भावजींनी सांगितले ते सर्व खरे आहे. तुझे पत्र मला मंगळवारी मिळाले, पण बोटे सोमवारीच मोडली होती. मी त्यानंतर वळणारेच मागणार होतो, तू लिहिले असतेस किंवा नसतेस तरी.

तुला काळजी वाटू नये म्हणून मी ते लपवले. चूक झाली. क्षमा कर.

आणखी एक काम कर. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंतची माझी सगळी पत्रे चुलीत घाल, पुन्हा न वाचता. खोटे लिहिलेले कागद घरात ठेवू नयेत.

भावजींना माझा नमस्कार सांग.

तुझा,
एझ्रा